चौथं टेबल

बाराला दहा कमी असताना ती दोघं येतात.
मी तेव्हा बटाट्याचा ट्रे भट्टीतून काढत असते,
चष्म्यावर वाफ,
त्यामुळे आधी दिसतो तो गेथिन सरांचा हिरवा स्वेटर,
मग हेलेधची वही.

सप्टेंबरात वर्ग होता. खरा, फळा असलेला, दुसऱ्या मजल्यावर.
मुलं तीन.
इवान नाताळाआधी गेला.
बंद पडलेल्या खाणीवर आता तारा ताणल्यात,
पाहुणे पैसे मोजून दरीवरून घसरत जातात
आणि तो त्यांचे पट्टे आवळतो.
दुसरी कार्डिफला गेली, आईबरोबर.
एका मुलीसाठी वरच्या गणिताचा तास शाळेला परवडत नाही,
असं पत्र आलं.
सर म्हणाले, मला जेवावं तर लागतंच.

तर चौथं टेबल. हीटरजवळचं.
एक पाय आखूड, म्हणून तिथं कुणी बसत नाही.

मी पुसायच्या निमित्तानं जाते.
या गावानं अर्ध्या जगाला छपराच्या पाट्या दिल्या,
पोरांच्या लिहायच्यासुद्धा,
आणि माझी पाटी कोरी.
सोळाव्या वर्षी मी गणित सोडलं;
खरं सांगायचं तर त्यानं मला सोडलं.

एके मंगळवारी सर म्हणत होते:
उणे एकाचं वर्गमूळ.
अशी संख्या नाही.
हेलेध म्हणाली, मग?
मग काय, तिला नाव देऊ.
नाव दिलं की ती कामाला लागते.

मी फडकं पिळलं.
माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता, न रडलेला.
तिनं त्याचं नाव ठेवलं, ओवेन,
आणि आम्ही किती भावंडं असं कुणी विचारलं
की बोटं मोजताना ती जराशी थांबायची,
हातचा एक धरल्यासारखी.
तेव्हा हे काही मला नवीन नव्हतं.
पण यावर गणित चालतं, हे नवीन होतं.

मार्चमध्ये सरांनी काटा ट्रेमध्ये आडवा ठेवला.
तिनं गुण, म्हणाले, आणि वळव.
काट्याचं तोंड खिडकीकडे.
पुन्हा गुण. काट्याचं तोंड उलटं, भिंतीकडे.
हेच उणे एक.
आणखी दोनदा, की आलो घरी.
वाटाणे थंड झाले होते.
मला कळलं.
कुणाला सांगू? मागे पुरवणी मागणाऱ्यांची रांग लागलेली,
आणि मला, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, कळलं होतं.
संध्याकाळी बस घाट चढताना मी वळणं मोजली.
ती काटकोनात नाहीत. रस्ता आळशी आहे.

कधी ती रडायची. हुंदके नाहीत, नुसतं खोडत राहायची,
वहीचं पान भोक पडेस्तोवर.
सर गप्प बसून पुडिंग खायचे,
मग म्हणायचे, तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं बरोबर आहे.
हातचं राखून शिकवणारा माणूस नव्हे तो.
त्या तासांचे पैसे मिळत नाहीत,
हे मला हिशेबाच्या खोलीतल्या बेथननं सांगितलं.

जूनमध्ये व्यायामशाळेत एकच बाक मांडला.
एक घड्याळ, एक पर्यवेक्षक, छपरावर पाऊस.
मी दाराच्या काचेतून एकदा पाहिलं.
ती लिहीत नव्हती, वर बघत होती.
चांगलं की वाईट, ते मला सांगता येत नाही.

आज सुट्टीआधीची झाडलोट.
चौथं टेबल सरकवलं तर
आखूड पायाखाली घडी घातलेला कागद.
उलगडला: एक वर्तुळ, त्यात बाण,
पेन्सिलीचे भागाकार,
कोपऱ्यात सरांच्या अक्षरात, “हे कसं काय?”
आणि त्याखाली तिच्या, “माहीत नाही. पण जुळतं.”

निकाल ऑगस्टात आहे.
मी घडी होती तशी घातली,
पायाखाली सरकवली,
टेबलावर दोन्ही हात टेकून पाहिलं.
डुगडुगत नाही.